अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनाची वारंवार होणारी गळती: पॅकिंग बदलण्याआधी आणि बदलताना

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरापुढे कोटा फरशीचे लहानसे अंगण आहे आणि त्या फरशीवर ताटाएवढा एक काळा डाग आहे. वडिलांनी १९८४ साली घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर मार्क ४ त्याच जागी उभी असते. दोन वर्षांत तिच्या इंजिनाचे वरचे पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यात बसणारी, तेल अडवणारी पट्टी) चार वेळा बदलले गेले, आणि चारही वेळा महिना-दीड महिन्यात तेल पुन्हा पाझरू लागले. प्रत्येक वेळी मिस्त्रीने आधीपेक्षा जास्त सिलिकॉन लावले, आधीपेक्षा जोर लावून नट आवळले आणि शेवटी "पुरानी गाड़ी है भिया, टपकेगी तो सही" असे सांगून विषय संपवला. आईचे म्हणणे असे की देवापुढच्या समईला लागत नाही तेवढे तेल ही गाडी फरशीला पाजते. पाचव्या वेळी मी स्वतः पाना हातात घेतला. तेव्हा लक्षात आले की चारही वेळा बदललेल्या पॅकिंगमध्ये काहीच दोष नव्हता. दोष पॅकिंगला आतून ढकलणाऱ्या दाबात आणि ते ज्या कडेवर बसते त्या कडेत होता. ज्यांच्याकडे अशी गाडी नव्याने आली आहे, त्यांचा वेळ, पैसा आणि फरशी वाचावी म्हणून हा सगळा क्रम येथे लिहीत आहे.

येथील माहिती १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे. हे इंजिन मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे असून त्याचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) दोन्ही बिडाचे आहेत. नंतरच्या काळात अ‍ॅम्बॅसेडरला लागलेल्या इसुझू इंजिनाची रचना निराळी आहे, त्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांनी यातील आकडे व क्रम जसेच्या तसे घेऊ नयेत. पद्मिनीच्या मालकांना गळती शोधण्याचा व झाकणांचा भाग उपयोगी पडेल. मात्र त्या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे हेडच्या बाबतीत त्यांनी अधिक जपून काम करावे.

आधी नावांचा एक गोंधळ दूर करतो, कारण त्यापायी मी एकदा चुकीचे पॅकिंग घेऊन घरी आलो होतो. इंजिनाच्या डोक्यावरचे पत्र्याचे लांबट झाकण, ज्याला पुस्तकात रॉकर कव्हर म्हटलेले असते, त्याला आपल्याकडे सगळे 'टॅपेट कव्हर' म्हणतात. परंतु या इंजिनात खरे टॅपेट ब्लॉकच्या कुशीत असतात आणि तेथे दोन लहान झाकणे वेगळी असतात. त्यांना दुकानदार 'साइड प्लेट' किंवा 'साइड कव्हर' म्हणतात. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला 'चेंबर' म्हणतात. दुकानात जाताना जुने पॅकिंग, ते फाटके का असेना, सोबत घेऊन जावे.

१. जुळवाजुळव

काम सुरू करण्यापूर्वी पुढील वस्तू हाताशी असाव्यात.

- इंची मापाचे रिंग पाने व बॉक्स पाने, विशेषतः ७/१६, १/२ आणि ९/१६
- टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा)
- फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पोलादी पात्यांचा संच)
- खात्रीने सरळ असलेली, निदान दीड फूट लांबीची पोलादी पट्टी
- बोथट स्क्रेपर किंवा लाकडी पट्टी, पितळी ब्रश, रॉकेल, सुती चिंध्या
- लहान गोल तोंडाची हातोडी आणि लाकडाचा किंवा लोखंडाचा सपाट ठोकळा
- कॉम्प्रेशन गेज (मागून आणले तरी चालते)
- गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल आणि आरसी

यातील पान्यांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. या इंजिनाचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून १३ चा पाना त्यावर चढतो खरा, पण सैल चढतो आणि दोन-तीन वेळा जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. माझ्या गाडीचे निम्मे नट असे गोल झालेले होते, आणि गोल झालेला नट किती आवळला गेला आहे हे कोणताच पाना खरे सांगत नाही. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मागितल्यास इंची पाने अजून मिळतात. पूर्ण संच घेण्याची गरज नाही, वर दिलेली तीन मापे बरीचशी कामे भागवतात.

आरसी कशाला, असा प्रश्न पडेल. सुटे भाग घेताना मॉडेल आणि वर्ष नीट सांगता यावे हा एक हेतू, आणि दुसरा असा की गळतीला कंटाळून 'दुसरा ब्लॉकच टाकून घ्या' असा सल्ला देणारे अनेक जण भेटतात. इंजिन नंबर ब्लॉकसोबत जातो. ब्लॉक बदलला की आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि ती न केल्यास पुनर्नोंदणीच्या वेळी गाडी अडकते. हेड बदलल्याने असे काही होत नाही.

२. गळती नेमकी कोठून आहे हे शोधणे

तेल जेथून टपकते तेथूनच ते गळत असते असे नाही. गाडी चालत असताना पंख्याचा आणि समोरचा वारा तेलाला मागे ढकलतो, आणि वरच्या झाकणातून निघालेला ओघळ ब्लॉकच्या अंगावरून उतरून चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात थेंब होऊन लोंबतो. अशा वेळी खालून पाहणारा माणूस चेंबरला दोष देतो आणि चेंबर उतरवण्याचे जड काम विनाकारण होते.

म्हणून इंजिन थंड असताना रॉकेल आणि ब्रशने बाहेरून पूर्ण स्वच्छ करावे. डिस्ट्रिब्युटर व कार्ब्युरेटर प्लास्टिकच्या पिशवीने झाकून घ्यावेत, बॅटरीची तार काढून ठेवावी आणि रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत इंजिन चालू करू नये. त्यानंतर सर्व सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. दहा-पंधरा मिनिटे इंजिन जागेवरच चालवावे, मग वस्तीतल्या वस्तीत एक फेरी मारून यावे आणि टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर ओलावा जेथे सर्वांत वर दिसेल, ती गळतीची जागा. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून त्यांवर चाकांच्या जागा खुणावून ठेवल्या, तर सकाळी डाग इंजिनाखाली आहे की गिअरबॉक्सखाली, हेही कळते. गिअरचे तेल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; इंजिनाचे तेल काळे आणि पातळ असते. पाण्याचा डाग वाळल्यावर कडेला पांढुरकी किंवा गंजाची रेघ राहते.

टॅपेट कव्हरच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. हे झाकण वरून दोन नटांनी धरलेले असते आणि त्या नटांखाली वाटीसारखे वॉशर व रबरी बुश असतात. रबर कडक होऊन चिरले की तेल नटाच्या मुळातून वर येते, झाकणाच्या माथ्यावरून ओघळते आणि कडेशी जमते. पाहणाऱ्याला पॅकिंगच गळते आहे असे वाटते. झाकणाच्या माथ्यावरची पावडर भिजली असेल, तर फक्त ते दोन बुश बदलावेत.

३. ब्रीदर तपासणे

ही पायरी बहुतेक मिस्त्री गाळतात, आणि माझ्या मते वारंवार होणाऱ्या गळतीचे पहिले कारण येथेच शोधले पाहिजे.

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा जळका वायू नेहमीच खाली चेंबरच्या पोकळीत उतरतो. नव्या इंजिनातही तो उतरतो, जुन्यात अधिक उतरतो. त्या वायूला बाहेर पडायला वाट हवी; तीच ब्रीदर. या इंजिनात ती वाट दोन ठिकाणी आहे: टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी, आणि पुढच्या साइड कव्हरवरून निघून खाली जाणारी लोखंडी नळी. या वाटा बुजल्या की आतला दाब वाढतो आणि तो तेलाला सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलतो. तो सांधा तुम्ही घट्ट केलात की तेल त्याच्या पुढच्या दुबळ्या सांध्यातून निघते. वरचे पॅकिंग बदलल्यावर महिनाभराने चेंबर गळू लागले, ते केले तर पुढची सील गळू लागली, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी येथेच थांबून हे तपासावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन गरम झाल्यावर ते मंद गतीवर चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर तळहात हलकेच धरावा. थोडी उब आणि मंद झुळूक लागणे स्वाभाविक आहे. हात ढकलला जात असेल, धुराचे फुसकारे निघत असतील, किंवा इंजिन चालू असताना तेलाची डिपस्टिक आपल्या जागेवरून वर उचललेली दिसत असेल, तर आत दाब साचतो आहे. मिस्त्री यालाच 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि ते दिसले की लगेच इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. इतकी घाई करू नये. आधी दोन्ही नळ्या काढून त्यांतून फुंकून पाहावे.

माझ्या गाडीची रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसत होती. कापून पाहिली तेव्हा आतल्या बाजूला रबर फुगून वाट जेमतेम शिसपेन्सिलीच्या टोकाएवढी उरली होती. साइड कव्हरची लोखंडी नळी त्याहून वाईट निघाली. तिच्यात आत तारेची जाळी असते. ती तेलाच्या काजळीने आणि धुळीने इतकी गच्च झाली होती की सायकलच्या पंपानेही हवा पलीकडे जाईना. ती रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, सकाळी तार घालून खरवडली, तेव्हा आतून काळ्या वड्यांसारखा मळ निघाला, वाटीभर तरी असेल. नळी स्वच्छ करून बसवली, नवी रबरी नळी लावली आणि झाकणाला हात न लावता गाडी आठ दिवस चालवली. गळती बंद झाली नाही, पण निम्म्याहून कमी झाली. पाचवे पॅकिंग मी त्यानंतर आणले.

नवी नळी घेताना ती तेलाला टिकणारी घ्यावी. पाण्याची नळी त्या जागी लावली तर ती काही महिन्यांत आतून फुगते आणि सारे पुन्हा मूळपदावर येते.

४. कॉम्प्रेशन मोजणे

ब्रीदर मोकळा करूनही दाब कायम असेल तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा असू शकतो. इंजिन गरम असताना चारही प्लग काढावेत, इग्निशनची तार सोडवावी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टरने इंजिन फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाहून खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग संशयास्पद आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधल्या भागात हेडचे पॅकिंग फुटल्याची शक्यता मोठी असते. रिंगा झिजलेल्या इंजिनावर कितीही चांगले पॅकिंग लावले तरी ते टिकत नाही, हे मनाशी पक्के करावे आणि खर्च त्याप्रमाणे ठरवावा.

५. टॅपेट कव्हर

झाकण काढल्यावर प्रथम जुने पॅकिंग आणि सिलिकॉनचा थर खरवडून काढावा. ब्लॉक व हेड बिडाचे असले तरी धारदार पाते वापरू नये. एक खोल ओरखडा पुढे कायमचा ओघळ बनतो. खरवडताना उघड्या हेडवर स्वच्छ कापड अंथरावे, म्हणजे तुकडे तेलाच्या वाटांत पडणार नाहीत.

मग झाकण, कड खाली येईल असे, काचेवर किंवा सपाट कडाप्प्यावर ठेवावे. माझे झाकण ठेवले तेव्हा ते पाळण्यासारखे डुलले. पत्र्याच्या झाकणाचे नट वर्षानुवर्षे जोरात आवळले की मधला भाग दबतो, कड वाकते आणि टोके उचलली जातात. मग टोकाशी गळते म्हणून पुढचा माणूस आणखी आवळतो आणि कड आणखी वाकते. चार वेळा बदललेल्या माझ्या पॅकिंगची कथा हीच होती. कडेखाली ठोकळा धरून गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोके देत ती सरळ करावी लागते. हे काम अर्ध्या तासाचे आहे पण घाईचे नाही. प्रत्येक दहा-बारा ठोक्यांनंतर झाकण काचेवर ठेवून खालून फिलर गेज सरकवून पाहावे. कडेची फट सगळीकडे जवळपास सारखी झाली की पुरे, आरशासारखी सपाटी येथे लागत नाही, कारण कॉर्क थोडेफार भरून काढतो.

कॉर्कचे पॅकिंग दुकानात बरेच दिवस पडून सुकलेले असते आणि झाकणाला आखूड पडते. ते ताणून बसवू नये, तुटते. कोमट पाण्यात तासभर भिजवले की ते मूळ मापावर येते; पुसून कोरडे करून मग वापरावे. पॅकिंग फक्त झाकणाच्या बाजूला चिकटवावे, त्यासाठी मोची चपलेला लावतो तसले रबरी सोल्युशन उत्तम. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर देऊन थोडे सुकू द्यावे आणि मग जोडावे. हेडच्या बाजूला ग्रीसचे नुसते बोट फिरवावे. असे केले की पुढच्या वेळी टॅपेट तपासताना झाकण पॅकिंगसह अखंड निघते आणि तेच पुन्हा बसते.

सिलिकॉनविषयी माझे मत स्पष्ट आहे: कॉर्कवर सिलिकॉन लावू नये. ओले सिलिकॉन निसरडे असते, आवळताना कॉर्क त्यावरून बाहेर घसरतो. शिवाय जेवढे बाहेर फुगलेले दिसते तेवढेच आतही फुगलेले असते, आणि ते आतले धागे तुटून चेंबरमधल्या तेलाच्या जाळीत अडकतात. पुढे चेंबर उतरवले तेव्हा मला त्या जाळीवर निळे-काळे रबरी तुकडे सापडले. तेलाचा दाब कमी झाल्याची मला जी शंका येत होती, तिचे एक कारण तेथे होते.

नट आवळताना रबरी बुश दबून किंचित फुगला की थांबावे. येथे ताकदीचे काम नाही.

६. साइड कव्हर

दोन्ही साइड कव्हर इनटेक व एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (मिश्रण आत नेणाऱ्या व धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली लपलेली असतात, आणि त्यांतही मागचे कव्हर फारच अडचणीत असते. मॅनिफोल्ड न काढता बोटे घालून हे पॅकिंग बदलण्याचा प्रयत्न मी केला आणि कोपर भाजून घेण्यापलीकडे काही साधले नाही. मॅनिफोल्ड उतरवावा, त्याचे पॅकिंगही नवे आणावे, आणि दोन्ही साइड कव्हर एकाच वेळी उरकावीत. प्रत्येक कव्हर मध्यावर एकाच बोल्टने धरलेले असते. त्यामुळे तो बोल्ट जास्त आवळला की पत्रा मध्ये आत जातो आणि कडा बाहेर उघडतात. कड सरळ करण्याची रीत वरच्यासारखीच. बोल्टखालचा वॉशर नवा घालावा, नाहीतर तेल त्याच्या आट्यांतून येते.

७. चेंबर

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नये. पक्के स्टँड आणि मागच्या चाकांना दगड हवेतच. तेल काढल्यावर चेंबर रात्रभर तसेच निथळू द्यावे, नाहीतर पॅकिंग लावताना वरून थेंब पडत राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

चेंबरच्या पॅकिंगच्या दोन लांब बाजू वेगळ्या असतात आणि पुढच्या-मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर बसणाऱ्या कॉर्कच्या दोन अर्धगोल पट्ट्या वेगळ्या. गळती जवळजवळ नेहमी या पट्ट्यांच्या टोकांशी, म्हणजे चार कोपऱ्यांत असते. पट्ट्यांची टोके कडेच्या पातळीपेक्षा किंचित वर उभी राहिली पाहिजेत, म्हणजे चेंबर चढल्यावर ती दाबली जाऊन कोपरा भरतात. ती बरोबर पातळीत कापण्याचा मोह होतो, तो टाळावा. मी सिलिकॉनच्या विरोधात असलो तरी या चार कोपऱ्यांत हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका देणे मला मान्य आहे. तो दिल्यास इंजिनात तेल भरण्यापूर्वी पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

चेंबरच्या प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा उकडीच्या मोदकाच्या टोकासारखा वर आलेला आढळेल. ती फुगवटी ठोकून परत सपाट केली पाहिजे. बोल्ट सारे आधी हाताने लावावेत, मग मध्यापासून टोकांकडे, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पाना शेवटी न धरता तोंडाजवळ, दोन बोटांनी धरला की जोर आपोआप बेताचा राहतो. कॉर्क बाजूने फुगून बाहेर डोकावू लागला, तर तो आधीच मेला असे समजावे.

८. पुढची आणि मागची गळती

पुढे टायमिंग कव्हरमध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीभोवती सील असते. ती बदलताना कव्हरचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली बसवावी, म्हणजे कव्हर तिच्याभोवती मध्यावर येते, आणि मग बोल्ट आवळावेत. हा क्रम उलटा केल्यास नवी सील एका बाजूने दबते आणि महिन्याभरात गळते. पुलीच्या मानेवर सीलने पाडलेली चर नखाला लागत असेल तर लेथवाल्याकडून ती नीट करून घ्यावी.

मागच्या बाजूचे वास्तव मात्र स्वीकारावे लागते. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. क्रँकवर उलट आटे कोरलेले आहेत. क्रँक फिरत असताना ते तेलाला आत परत ओढतात. इंजिन बंद झाले की ही ओढ थांबते आणि एखाद-दोन थेंब बेल हाउसिंगच्या (इंजिनामागच्या, क्लच झाकणाऱ्या खोळीच्या) तळाच्या भोकातून पडतात. ही रचनाच तशी आहे. ते भोक 'गळती बंद' करण्यासाठी बुजवणारे मी पाहिले आहेत. तेल मग आत साठते, क्लच प्लेट भिजते आणि क्लच घसरू लागतो. येथून ओघळ लागत असेल तर पुन्हा तिसऱ्या पायरीकडे जावे, कारण आतला दाब वाढला की हे आटे हरतात. इंजिन न उतरवता करण्यासारखा उपाय तेवढाच आहे.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० जातीचेच वापरावे. नव्या गाड्यांचे पातळ सिंथेटिक तेल महाग असते म्हणून चांगले असेल, असा विचार करून मी ते एकदा भरले. ते या मागच्या वाटेने आठवड्यात निम्मे निघून गेले. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

९. हेडचे पॅकिंग

रेडिएटरचे पाणी कारणाविना कमी होणे, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येत राहणे, तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा पांढरट थर जमणे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणे, ही हेडच्या पॅकिंगची लक्षणे आहेत. थंडीच्या दिवसांत थोड्याच अंतराच्या फेऱ्या झाल्या तर झाकणाखाली सायीचा पातळ थर तसाही येतो, म्हणून एका लक्षणावर हेड उघडू नये.

हेड फक्त पूर्ण थंड इंजिनावर काढावे, आणि आधी पाणी काढून घ्यावे. या इंजिनाचा एक स्वभाव येथे माहीत असला पाहिजे: रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) पायांना धरणाऱ्या नटांपैकी चार नट हेडलाही धरून असतात. त्यामुळे केवळ रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी पाणी काढून हेडचे सर्व नट पायरीपायरीने सैल करावे लागतात. तसे न करता नुसता शाफ्ट उतरवला तर हेड एका बाजूने दाबलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे राहते, ते वाकू शकते आणि पाणी तेलात उतरू शकते. हेडचे चांगले पॅकिंग बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पुशरॉड (टॅपेट आणि रॉकर यांमधल्या काड्या) काढताना प्रत्येक थोडा फिरवून सोडवावा, नाहीतर तेलाच्या चिकटपणाने खालचा टॅपेट त्याच्याबरोबर वर येतो. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, त्यांना क्रमांक देऊन पुशरॉड त्यांतच खोचून ठेवावेत.

जुन्या गाडीतील पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये, फुंकर मारू नये. पाण्याने ओले करून काढावे आणि तोंडाला मास्क लावावा.

हेड स्वच्छ केल्यावर पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरावी आणि खालून फिलर गेज सरकवावी. चार थाऊची, म्हणजे ०.१ मिलिमीटरची पाती कोठेही आत गेली तर हेड फेसिंगसाठी, म्हणजे लेथवर घासून सपाट करण्यासाठी द्यावे. लेथवाल्याला आवश्यक तेवढेच घासण्यास सांगावे. नुसते हेड तपासून भागत नाही, ब्लॉकवरही हीच पट्टी ठेवावी. ब्लॉकमध्ये स्टडच्या मुळाशी धातू वर ओढला जाऊन बारीक कडे तयार झालेले असते. ते दिसत नाही, पण बोटाला लागते, आणि त्याच्यामुळे पॅकिंग स्टडपासून थोड्या अंतरावर दाबले जातच नाही. सपाट कानशीने ते उतरवावे.

नव्या पॅकिंगवर 'टॉप' आणि 'फ्रंट' असे छापलेले असते, ते पाहूनच ठेवावे. पॅकिंगसोबत वेगळी सूचना नसेल तर ते कोरडेच बसवावे. स्टडचे आटे ब्रशने स्वच्छ करून त्यांना तेलाचे बोट लावावे, कारण गंजलेल्या आट्यांवर टॉर्क पाना 'कट' वाजवतो तेव्हा निम्मा जोर आटे घासण्यातच गेलेला असतो.

अकरा नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलमधील क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळावेत. येथे एककांचा घोळ होतो. मॅन्युअलमधला आकडा फूट-पाउंडात असतो आणि आज मिळणारा टॉर्क पाना बहुधा न्यूटन-मीटर दाखवतो. ४० फूट-पाउंड म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. पाना ४० न्यूटन-मीटरवर ठेवला तर जोर पाऊण हिश्श्याहूनही कमी लागतो. किलोग्रॅम-मीटरमध्ये हाच आकडा साडेपाच होतो. आपल्या पुस्तकातला आकडा तिन्ही एककांत लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा.

त्यानंतर टॅपेट लावावेत, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधले अंतर ठरलेल्या मापावर आणावे. पुढून मोजताना ज्या व्हॉल्व्हचा टॅपेट लावायचा त्याचा क्रमांक आणि पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हचा क्रमांक यांची बेरीज नऊ यावी: आठवा उघडा असताना पहिला, सातवा उघडा असताना दुसरा, याप्रमाणे.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरू नये. त्यातील क्षार हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खातात आणि मग पॅकिंगला धरायला धातूच उरत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरावे.

१०. चाचणी आणि दुसरे आवळणे

पहिले दोन-तीन दिवस गाडी गावातच चालवावी आणि रोज पाणी व तेल पाहावे. खरी परीक्षा चढावर होते. मी खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरून बडवाहपर्यंत जातो. जाताना उतार असल्यामुळे काहीच कळत नाही, परतताना घाट चढताना इंजिनावर ओझे येते आणि आतला दाब वाढतो. वर आल्यावर गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून पावडर मारलेले सांधे पाहावेत. रेडिएटरच्या झाकणाला त्या वेळी हात लावू नये.

साधारण ८०० किलोमीटर झाल्यावर, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, हेडचे नट पुन्हा आवळावेत. एकेक नट क्रमाने किंचित सैल करून पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आणावा, एकदम सर्व सैल करू नयेत. हेड खाली बसल्यामुळे टॅपेटचे अंतर बदलते, म्हणून ते त्याच दिवशी पुन्हा लावावे. ब्रीदरची जाळी दर दुसऱ्या तेलबदलाला उतरवून रॉकेलमध्ये टाकावी. माझी यंदा दिवाळीपूर्वी उतरवली तेव्हा तिच्यात चमचाभरच मळ होता आणि नळीतून फुंकर सरळ पलीकडे गेली.